मिठाचं पेटंट!

पेटंट म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? हळद! १९९७ साली डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द करून दाखवलं आणि आपल्या कॉलर टाइट झाल्या. पण खरं सांगू? ते पेटंट राहिलं असतं तरी आपल्या आईने भाजीत हळद टाकायचं थांबवलं नसतं. औषधाचं तसं नाही, बॉस. तिथे पेटंट राहिलं की गोळी महाग, आणि गोळी महाग की कुणाचा तरी कोर्स अर्धवट.

आता जरा आपल्या गावाकडे बघा. सकाळी जालना रोडवर कंपन्यांच्या बसेस चिकलठाण्याच्या दिशेने धावत असतात. त्यात डुलक्या काढणाऱ्यांपैकी बरेच जण गोळ्या बनवायला चाललेले असतात. ल्युपिनचा चिकलठाणा एमआयडीसीतला प्लांट टीबीच्या औषधांसाठी ओळखला जातो. वॉकहार्टचं बायोटेक पार्कही इथलंच. पाहुणे आले की आपण त्यांना वेरूळ दाखवतो, नान खलिया खायला घालतो, पण हे सांगायचं काही सुचत नाही आपल्याला.

माझा एक मित्र अशाच एका कंपनीत क्वालिटीला आहे. कॅनॉटला कॉफी पिताना त्याला विचारलं, ‘‘बेडाक्विलिन माहितेय का रे?’’ तर म्हणाला, ‘‘गोळी माहितेय. भानगड माहीत नाही.’’

तर भानगड अशी.

बेडाक्विलिन हे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं औषध. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१२ मध्ये परवानगी मिळाली. टीबीवर पूर्णपणे नव्या पद्धतीने काम करणारं औषध तब्बल चाळीस वर्षांनी आलं होतं. सहा महिन्यांचा कोर्स, मोजून १८८ गोळ्या. त्याआधी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं घ्यावी लागत. टीबी बरा व्हायचा, पण काहींचे कान कायमचे जायचे. मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेशन अशीच बहिरी झाली. हजारो मैलांवर दक्षिण आफ्रिकेत फुमेझा टिसिले हिचंही तेच झालं. दोघीही ऐन विशीत. म्हणजे ज्या वयात आपण पहिल्या अप्रेझलचं टेन्शन घेतो, त्या वयात!

औषध जॉन्सन अँड जॉन्सनचं. मूळ रेणूचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. वीस वर्षं झाली, हिशोब मिटला. पण कंपनीने भारतात आणखी एक अर्ज टाकून ठेवला होता. तो बेडाक्विलिनच्या फ्युमरेट मिठाचा. इथे मीठ म्हणजे ताटातलं नव्हे. केमिस्ट्रीच्या सरांनी शिकवलेला क्षार. औषध तेच, फक्त गोळीत बसवण्यासाठी त्याला दिलेलं रूप वेगळं. अर्ज मंजूर झाला असता तर मक्तेदारी थेट २०२७ पर्यंत. चार वर्षं एक्स्ट्रा, मिठावर!

अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसात होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये नंदिता आणि फुमेझाने त्याला हरकत घेतली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संघटना सोबत होती, पण हरकतीवर नावं होती दोन पेशंटची. आपल्या कायद्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. कलम २५(१) म्हणतं, पेटंट मिळण्याआधी ‘कोणीही’ हरकत घेऊ शकतो. स्पर्धक कंपनीच हवी, असं नाही. तुम्ही, मी, आपल्या ऑफिसचा चहावाला, कोणीही.

थोडी हिस्ट्री, पटकन. १९७० च्या कायद्याने भारतात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळायचं. पद्धत बदला, तेच औषध बनवा. याच मोकळिकीत आपला औषध उद्योग मोठा झाला. म्हणूनच २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद एड्सची औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायला तयार झाले. तेव्हा त्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. पुढे जागतिक व्यापार कराराची मुदत संपली आणि १ जानेवारी २००५ पासून आपल्यालाही औषधांना पेटंट द्यावं लागलं. पण संसदेने जाता जाता ३(डी) हे कलम टाकलं. माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप चालणार नाही, परिणाम वाढल्याचं दाखवा! याच कलमावर १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टात नोव्हार्टिसच्या ग्लिवेकचा अर्ज पडला. (एप्रिल फूल नव्हतं ते.)

बेडाक्विलिनच्या मिठाचंही तेच झालं. २३ मार्च २०२३ ला मुंबई ऑफिसने अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपलं आणि ल्युपिनसारख्या भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. ऑगस्टमध्ये गरीब देशांसाठी टीबीची औषधं विकत घेणाऱ्या जागतिक यंत्रणेने नवे भाव जाहीर केले. ल्युपिनचा कोर्स १९४ डॉलर. आणि जॉन्सन? सरळ १३० डॉलर! आधीच्या निम्म्याहूनही कमी. सप्टेंबरमध्ये कंपनीने १३४ देशांत उरलेली पेटंटं न बजावण्याचं जाहीर केलं. जगभरातून झालेल्या टीकेचाही त्यात वाटा होता. तरी समोर स्पर्धक उभा राहिला की भाव कसे धडाधड उतरतात, ते बघा.

‘‘पण सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं फुकटच मिळतात ना?’’ मित्राचा प्रश्न. मिळतात. पण सरकारलाही ती विकत घ्यावी लागतात, आणि बजेट आपल्या पगारासारखंच असतं. कोर्स महाग तर पेशंट कमी. जगातल्या दर चार टीबी रुग्णांत साधारण एक भारतातला आहे, तेव्हा हा हिशोब लहान नाही.

कंपन्यांची बाजूही आहे. संशोधनाला पैसा लागतो, पेटंटशिवाय तो कोण घालणार? मान्य. मूळ रेणूची वीस वर्षं त्यासाठीच होती. शिवाय या औषधाच्या चाचण्यांत सरकारी आणि देणग्यांचा पैसाही भरपूर ओतला गेला होता. मिठावर आणखी चार वर्षं मागणं मला तरी जास्तच वाटतं.

मार्च २०२४ मध्ये मात्र नियम बदलले. ‘कोणीही’ हा शब्द कायद्यात तसाच आहे. पण आता हरकत मुळात ऐकण्यालायक आहे की नाही, हे अधिकारी आधी ठरवतो. आणि हरकतीला फी लागते. नंदिता आणि फुमेझाने हरकत नोंदवली, तेव्हा फी शून्य होती.