रंग पसरला, मग रेणू थांबले का?



पाण्यात शाईचा थेंब टाकून विसरण आपण सगळेच शिकवतो. रंग सगळीकडे सारखा झाला की मुलांना वाटतं, संपलं! पुढे हीच मुलं पेपरात लिहितात, ‘समतोल आला की अभिक्रिया थांबते.’ खरं तर काहीच थांबत नाही. जितके रेणू इकडून तिकडे जातात तितकेच तिकडून इकडे येतात, म्हणून डोळ्यांना फरक दिसत नाही.

मग ही न दिसणारी धावपळ मोजायची कशी?

हायलायटरची शाई जांभळ्या टॉर्चखाली कशी चमकते, पाहिलंय ना? प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश देणं म्हणजे प्रतिदीप्ती. असे चमकणारे रेणू अगदी विरळ द्रावणात घेतात आणि लेझरचा झोत एका सूक्ष्म जागी एकवटतात. आजच्या उपकरणांत ही जागा एका मिलिलिटरच्या साधारण एक लाख कोटीव्या भागाएवढी असते. रेणू आत आला की चमक वाढते, बाहेर गेला की घटते.

वर्गात हे असं समजावा. मैदानावर फक्कीने चौकोन आखा. मधल्या सुट्टीत चौकोनात किती मुलं आहेत, ते दर 5 सेकंदांनी मोजा. मुलं पळत असतील तर आकडा भराभर बदलेल, रमतगमत चालत असतील तर हळूहळू. म्हणजे आकडा किती लवकर बदलतो यावरून वेग कळतो. मुलं स्वैर फिरत असतील आणि सरासरी 100 असेल, तर आकडा साधारण 10ने वर-खाली होतो. सरासरी 4 असेल तर 2ने, म्हणजे थेट निम्म्याने! म्हणून तर द्रावण विरळ हवं.

1972 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मॅग्ड, एल्सन आणि वेब यांनी याच पद्धतीने अभिक्रियाही तपासली. इथिडियम ब्रोमाइड हा रंग एकटा असताना मंद चमकतो, डीएनएला चिकटला की लख्ख. समतोल आल्यावरही चिकटणं-सुटणं चालूच असतं, आणि तेही चमकेच्या चढउतारात दिसतं.

पण चढउतार ये-जा केल्यामुळे की चिकटण्या-सुटण्यामुळे, हे कसं ओळखायचं? झोत रुंद करायचा. ये-जा करायला जास्त वेळ लागतो. चिकटण्या-सुटण्याच्या वेळेत मात्र फरक पडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी रंग पसरला की मुलांना विचारा, “आता नक्की काय थांबलं?” उत्तर लगेच सांगू नका. आधी मैदानावर न्या, मोजू द्या.