एस्केप, एंटर आणि २८ वेळा बॅकस्पेस

विंडोज, मॅक की लिनक्स? सर्वांत सुरक्षित कोण, यावर वाद पेटला की चहा गार होतो, पण निकाल काही लागत नाही. तिन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांनी आधी हे वाचावं.

विंडोज ९५ सुरू करताना नाव आणि पासवर्ड विचारला जायचा. आठवत नाही? 'एस्केप' दाबा. चौकट गायब, डेस्कटॉप हजर! ती चौकट नेटवर्कसाठी आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी राखण्यासाठी होती. कॉम्प्युटरला कुलूप लावणं हे तिचं कामच नव्हतं.

मॅकवाले, हसू नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये मॅकओएस हाय सिएराची गंमत उघडी पडली. नावाच्या जागी 'रूट' लिहायचं, पासवर्ड रिकामा ठेवायचा आणि बटण एक-दोनदा दाबायचं, की अख्खं मशीन तुमचं! पहिल्या प्रयत्नात सिस्टीम स्वतःच ते बंद खातं रिकाम्या पासवर्डनिशी सुरू करायची आणि दुसऱ्या प्रयत्नात पाहुण्याला आत घ्यायची. ॲपलने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती पाठवली, हे मात्र मानलं पाहिजे.

आता लिनक्स. तिथे मशीन सुरू होताना बहुतेकदा 'ग्रब' नावाचा प्रोग्रॅम आधी उठतो आणि त्याला पासवर्ड लावता येतो. २०१५ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की युजरनेमच्या जागी काहीच न लिहिता २८ वेळा बॅकस्पेस दाबलं तर हा पासवर्ड ओलांडता येतो. खोडायला अक्षरच नाही, तरी ग्रब खोडत राहायचा. मोजणी शून्याच्या खाली घसरायची आणि मेमरीतला भलताच भाग पुसला जायचा. ही चूक २००९ पासून तिथेच होती!

तिघांची समोरासमोर कुस्तीही झाली आहे. २००८ साली कॅनडात व्हँकुव्हरला 'पोन-टू-ओन' स्पर्धेत तीन लॅपटॉप मांडले होते. फोडेल त्याचा लॅपटॉप. दुसऱ्या दिवशी चार्ली मिलर या सुरक्षा संशोधकाने सफारी ब्राउझरमधून मॅक दोनेक मिनिटांत चीतपट केला आणि वर १०,००० डॉलर खिशात घातले. तिसऱ्या दिवशी विंडोज व्हिस्टा 'फ्लॅश' या प्रोग्रॅममुळे पडला. उबुंटू लिनक्स शेवटपर्यंत उभा राहिला. लिनक्सवाल्यांनी जरूर कॉलर ताठ करावी, पण पडलेल्या दोघांनाही त्यांच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमांनी दगा दिला होता, हेही खरं.

माझं मत विचाराल तर मानाचं पान या तिघांना नाही, ओपनबीएसडी या चौथ्याच ऑपरेटिंग सिस्टीमला. इतक्या वर्षांत मूळ मांडणीत बाहेरून घुसता येतील अशी भगदाडं फक्त दोन, हे तो प्रकल्प आपल्या घोषवाक्यातच सांगतो. एकाची दोन झाली, तेव्हा त्यांनी घोषवाक्य बदललं. असा प्रामाणिकपणा बाकीच्यांनीही दाखवावा.

पण भगदाड बुजवलं, तरी ती दुरुस्ती आपण लावायला हवी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातले विंडोज कॉम्प्युटर ओलीस धरले. तो ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच आला होता. तेव्हा वाद हवा तेवढा घाला, पण अपडेटची सूचना आली की 'नंतर' दाबू नका.