उभ्या गाडीची थरथर : जुनी जिप्सी सिग्नलला बंद का पडते?

संध्याकाळच्या गर्दीत शिवाजीनगरच्या बसस्थानकासमोरून जुनी पेट्रोल गाडी नेणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : गाडी चालत राहिली तर ठीक, थांबली की कठीण. सिग्नलला पाय काढला की इंजिन थरथरते, स्टिअरिंग हातात हलू लागते, दोन-चार गचके बसतात आणि गाडी बंद. मागून हॉर्न सुरू होतात. मग चालक मेकॅनिकला सांगतो, "आयडल जरा वाढवून द्या." मेकॅनिक एक स्क्रू थोडा फिरवतो, इंजिनचा आवाज वाढतो, थरथर थांबते. काम झाले असे दोघांनाही वाटते.

या स्क्रूने दोष जात नाही, फक्त झाकला जातो. आणि झाकलेला दोष कधी कधी ब्रेकचा असतो. तो कसा, ते पुढे येईलच.

उदाहरणाला मारुती जिप्सी घेऊ. कॅडेट्सच्या ती परिचयाची आहे आणि लष्कराच्या लिलावातून निघालेल्या कित्येक जिप्सी आज निवृत्त जवानांच्या दारात उभ्या आहेत. 1985 च्या अखेरीस ती आली तेव्हा 970 सीसीचे इंजिन आणि कार्ब्युरेटर होता. 1996 मध्ये 1.3 लिटरचे इंजिन आले, तेही कार्ब्युरेटरवरच. 2000 पासून इंधन इंजेक्टरने येऊ लागले. पुढचे बहुतेक विवेचन कार्ब्युरेटरच्या गाडीला लागू आहे.

आयडलिंग म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनने स्वतःला कसेबसे चालू ठेवणे. या इंजिनात ते मिनिटाला साधारण 800 ते 900 फेऱ्यांवर होते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे सात स्फोट. यातला एक सिलिंडर गैरहजर राहिला की उरलेल्या तिघांना त्याचा भार ओढावा लागतो, आणि तो ताण आपल्याला थरथर म्हणून जाणवतो. शिवाय या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. इंजिन फार थोडी हवा घेत असते, त्यामुळे एखाद्या फाटक्या पाईपमधून आत शिरणारी चिमूटभर हवाही मिश्रण बिघडवायला पुरते. तीच गाडी रस्त्यावर वेगाने चालली की हवेचा ओघ कितीतरी पट वाढतो, ती चिमूट त्यात हरवून जाते आणि गाडी निरोगी वाटते. म्हणून "पळते झकास, पण उभी राहत नाही" अशी तक्रार ऐकली की हवेची गळती किंवा तुंबलेला आयडल जेट यांच्यावर पहिला संशय घ्यावा.

पाना उचलण्याआधी गाडी नेमकी केव्हा बंद पडते ते लिहून काढा. सकाळी थंड असताना बंद पडून गरम झाल्यावर सुधारत असेल तर चोक पाहा. तासभर चालल्यावर बंद पडून, वीस मिनिटे उभी केल्यावर पुन्हा सुरू होत असेल तर इग्निशन कॉइल तापून दगा देत असेल किंवा पेट्रोलची नळीतच वाफ होत असेल. बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा सूं असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. या दोषापायी लोकांनी नवे पेट्रोल पंप बसवलेले आहेत!

तपासणीआधी सैन्यातल्या एम.टी.ची फर्स्ट पॅरेड आठवा. तेल, पाणी, बॅटरी, टायर, गळती हे सकाळी गाडी हलवण्याआधीच पाहिले जाते. इथेही तसेच. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांखाली दगड, जागा उघडी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. लॅनयार्ड आणि सैल बाही फॅनबेल्टपासून दूर ठेवा. कॅडेट्सनी हे काम घरातल्या मोठ्यांच्या किंवा उस्तादांच्या देखरेखीतच करावे.

आता इंजिन चालू करून इनटेक मॅनिफोल्डचे जोड, कार्ब्युरेटरखालची गॅस्केट आणि प्रत्येक बारीक रबरी नळी यांवर साबणाचे पाणी थोडे थोडे टाका. गळतीच्या जागी पाणी पडले की क्षणभर भेग मिटते आणि इंजिनचा सूर बदलतो. कित्येक जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारतात, पण तो पेट घेतो. तापलेल्या इंजिनवर मी तरी तो वापरू देणार नाही.

सर्वांत जाड नळी ब्रेकच्या बूस्टरकडे जाते. ती फडक्यात गुंडाळून पकडीने अलगद दाबा. थरथर थांबली, तर हवा बूस्टरमधून किंवा त्याच्या नळीतून शिरते आहे. खात्रीसाठी इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली जाते. ते गेले नाही तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. आयडलचा स्क्रू फिरवून हीच गाडी गप्प करता आली असती, आणि ब्रेक जड का लागतो हे कुणाच्या लक्षात आले नसते.

गळती नसेल तर प्लगकडे वळा. इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी अडखळते, मेलेल्या सिलिंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही. इंजेक्टरच्या गाडीत मात्र प्लगची वायर काढू नका, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढतात. मग प्लग बाहेर काढून त्याचा रंग वाचा. फिका तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे हवा जास्त, पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी नाही, आणि तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा खर्च मनात धरा. गॅप 0.7 ते 0.8 मिलिमीटर.

काजळी दिसली तर बेंगळुरूची उंचीही हिशेबात घ्या. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटरवर आहे आणि इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा 10 टक्क्यांच्या आसपास कमी असतो. मुंबईत ट्यून केलेल्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो हवेच्या मानाने पेट्रोल जास्तच सोडतो. उलट 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिश्रण पातळ करते. हे पेट्रोल 2023 पासून विकले जाऊ लागले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. दोन्ही परिणाम एकमेकांना काही अंशी खोडतात, पण इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, ओलावा धरते आणि टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणते. गाडी नवे पेट्रोल घेऊ लागल्यापासून बिघडली असेल तर आधी फिल्टर आणि नळ्या बदला.

हे सगळे झाल्यावरच मिश्रणाचा आणि आयडलचा स्क्रू हातात घ्यावा, तोही इंजिन पूर्ण तापल्यावर.

सुट्या भागांसाठी शिवाजीनगरची गुजरी आहेच. कोल्हापूरच्या पालकांना गुजरी म्हटले की सोन्याची दुकाने आठवतील, इथली गुजरी लोखंडाची! धातूचे भाग, म्हणजे मॅनिफोल्ड, ब्रॅकेट किंवा कार्ब्युरेटरची बॉडी, जुने घ्यायला हरकत नाही. फक्त सपाट पट्टी लावून कड वाकडी नाही ना ते पाहून घ्या. रबरी नळी, डायफ्रॅम, गॅस्केट आणि इग्निशन कॉइल मात्र नवेच घ्या. जुनी कॉइल दुकानात थंड असते आणि थंड कॉइल नेहमीच चांगली ठिणगी देते.