खोर फक्कानसमोरून जाणारं जड पाणी

खोर फक्कान हे संयुक्त अरब अमिरातीतल्या शारजाच्या अमलाखालचं बंदर. पण शारजा शहर इराणच्या आखातावर, तर हे हाजर डोंगरापलीकडे, ओमानच्या आखातावर. होर्मुझच्या सामुद्रधुनीत न शिरता जहाजांना इथे माल उतरवता येतो, म्हणून व्यापारात त्याचं नाव झालं. मला त्याच्यासमोरचं पाणी अधिक मोलाचं वाटतं.

इराणचं आखात उथळ, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. वर्षाकाठी दीड-दोन मीटर पाण्याची वाफ होते आणि नद्यांचं पाणी ती तूट भरून काढू शकत नाही. त्यामुळे तिथल्या लिटरभर पाण्यात साधारण ४० ग्रॅम मीठ असतं. अरबी समुद्रात ३६ च्या आसपास. हिवाळ्यात हे खारट पाणी गार होऊन आणखी जड होतं आणि तळालगत होर्मुझमधून बाहेर पडतं. त्याच वेळी वरच्या थरातून अरबी समुद्राचं हलकं पाणी आत शिरतं, मुख्यतः इराणच्या बाजूने. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात प्रवाह उजवीकडे ढळतात. म्हणून बाहेर येणारं पाणी अमिरात-ओमानच्या उताराला धरून खाली जातं. दोन-तीनशे मीटरवर भोवतालचं पाणी त्याच्याइतकंच जड भेटतं, तिथे ते पसरतं.

भिन्न गुणांचं पाणी एकमेकांना भिडतं तिथे सीमा तयार होते. पावसाळ्यात ओमानच्या किनाऱ्याने येणारं गार पाणी रास अल हद्दपाशी ओमानच्या आखातातल्या उबदार पाण्याला भेटतं. उपग्रहाच्या तापमानचित्रांत ही रेघ लख्ख दिसते. अशा सीमांवर प्लवक गोळा होतं आणि त्यामागे मासे येतात.

प्रवाहाबरोबर संकटही वाहतं. २००८-०९ मध्ये अमिरातीच्या याच पूर्व किनाऱ्यावर विषारी सूक्ष्मशैवालाची लाल भरती कित्येक महिने टिकली. मासे मेले, प्रवाळ मेलं, समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने बंद ठेवावे लागले. शैवाल कुठे सरकतंय हे आधी कळलं, तर पिण्याच्या पाण्याची तजवीज करता येते.

इराणच्या आखातातून आलेलं हे जड पाणी अरबी समुद्राच्या मधल्या थरांना ऑक्सिजनही पुरवतं. आखात तापलं तर हे पाणी पुरेसं जड होणार नाही, खोलवर जाणार नाही आणि तिथली ऑक्सिजनची टंचाई वाढेल, असं अबुधाबीतल्या संशोधकांच्या गणिती प्रारूपाने २०१९ मध्ये दाखवलं. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर येतं, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मोजलेलं आहे. म्हणून खोर फक्कानसमोरच्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा सतत मोजत राहणं मालवण-रत्नागिरीच्या मच्छीमारांच्याही हिताचं आहे. भारत आणि आखाती देशांनी या नोंदी एकमेकांना खुल्या करायला हव्यात.