निवासी शाळेचे आरोग्य : पाणी, चूल आणि मैलाटाकी

दसरा सरला की केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतो. मागे राहते ते शाळेत जाणारे लेकरू. काहींना आजी-आजोबा सांभाळतात, काही निवासी शाळेच्या स्वाधीन होतात. निघताना आई-बाप अधीक्षकांना दोनच गोष्टी विचारतात : जेवण वेळेवर मिळते ना आणि अभ्यास होतो ना? पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, स्वयंपाकाचे तेल कोणत्या डब्यात ठेवले जाते आणि मैलाटाकी भरली की ती कोण उपसते, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेख या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांविषयी आहे. युसूफ वडगाव परिसरातील आपल्यासारख्या निवासी संस्थांमध्ये मुलांचे आरोग्य आणि तेथे राबणाऱ्या माणसांची सुरक्षितता ही एकच बाब आहे, आणि ती कोणाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही, हे येथे मांडावयाचे आहे.

विनयाने घालून दिलेली रीत

बौद्धांनी चालविलेल्या संस्थेला या विषयाची परंपरा बाहेरून आणावी लागत नाही. महावग्गात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच मलमूत्रात पडलेला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. उभयतांनी त्याला स्वच्छ करून मंचकावर निजविले. ही कथा आपण करुणेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि तेथेच थांबतो. वस्तुतः तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. बुद्धांनी संघ एकत्र बोलावला आणि आजाऱ्याची जबाबदारी कोणाची, याचा क्रम ठरवून दिला. उपाध्याय असल्यास उपाध्यायाने, आचार्य असल्यास आचार्याने, शिष्य वा सहनिवासी असल्यास त्यांनी त्याची सेवा करावी आणि कोणीच नसल्यास ती संघाने करावी. न केल्यास तो दोष मानावा. करुणेला त्यांनी नियमाचे रूप दिले.

चुल्लवग्गात तर शौचगृहाचेही नियम आहेत. अस्वच्छ दिसल्यास स्वच्छ करावे, पाण्याचे भांडे रिकामे असल्यास भरावे. तेथे ज्येष्ठ-कनिष्ठ हा क्रमही बाजूस ठेवून, जो आधी येईल त्याने आधी जावे असे सांगितले आहे. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी सामूहिक निवासाचा प्रश्न या पातळीवर विचारात घेतला गेला होता, हे आपल्या वसतिगृहांनी ध्यानी ठेवावे.

पाणी : दिसते तितके निर्मळ नव्हे

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यावरचा माणसाचा हक्क प्रस्थापित केला. त्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या संस्थेत मुलाच्या हाती येणारा पेला निर्धोक असावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

आपला प्रदेश टंचाईचा. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण आपल्याच केज तालुक्यात आहे. परंतु २०१६ साली ते कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षांत शाळा टँकर व कूपनलिकांवर येतात, आणि दोन्हींचे धोके निराळे आहेत. टँकरच्या आणि साठवणीच्या पाण्यात मुख्य भय जंतूंचे. त्यावर टीसीएल पावडर हा स्वस्त उपाय आहे. साधारणतः १००० लिटर पाण्यास अडीच ते पाच ग्रॅम पावडर लागते. उघड्या पोत्यातील जुनी पावडर मात्र निर्जीव झालेली असते, म्हणून मापापेक्षा चाचणीवर विश्वास ठेवावा. द्रावण मिसळून अर्धा तास थांबावे आणि मग नळाच्या पाण्याची ओ. टी. चाचणी घ्यावी. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही आला तर ते पाणी पिण्यास देऊ नये. भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे.

कूपनलिकेचा धोका डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही. बीड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड अधिक आढळते. त्याची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराईड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास वाढत्या वयाच्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे जखडतात. टीसीएलने फ्लोराईड जात नाही. पाणी उकळल्याने तर वाफ निघून जाऊन त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. म्हणून प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी पावसाळ्यापूर्वी व नंतर करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ती होते. अहवाल कपाटात न ठेवता पाण्याच्या टाकीपाशी लावावा.

स्वयंपाकघर : दोन १६ जुलै

भारतातील शाळांच्या दोन भीषण दुर्घटना योगायोगाने एकाच तारखेच्या आहेत आणि दोहोंचा उगम स्वयंपाकघरात आहे.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरावर चढली. वरच्या मजल्यावरील चिमुकल्यांना अरुंद जिन्यातून उतरता आले नाही. ९४ मुले दगावली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे त्यात मानण्यात आले आणि अग्निशामक साधने व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण बंधनकारक ठरले.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन या गावी शाळेच्या दुपारच्या जेवणाने २३ मुलांचे प्राण घेतले. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. आपल्या कापूसपट्ट्यात हे कीटकनाशक घरोघरी ठाऊक आहे. तेलाच्या रंगावासाविषयी स्वयंपाकीण बाईंनी शंका बोलून दाखविली होती, तरीही तेच तेल वापरले गेले, असे वृत्तान्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. ती बाई स्वतःही ते अन्न खाऊन आजारी पडली.

या दोन घटनांतून निघणारे नियम साधे आहेत. स्वयंपाकघर निवासाच्या व वर्गाच्या इमारतीपासून वेगळे असावे आणि त्यावर पक्के छप्पर असावे. गॅसच्या टाक्या बाहेर, जाळीच्या कप्प्यात ठेवाव्यात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून खालच्या अंगास झरोका हवा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, मग तो कितीही धुतलेला असो, शाळेच्या आवारात येऊ नये. जेवण वाढण्यापूर्वी एका शिक्षकाने व एका कर्मचाऱ्याने ते चाखावे आणि चाखणाऱ्याने वहीत सही करावी.

याहून मोठा नियम वेगळाच आहे. स्वयंपाक करणाऱ्या ताईला आज हे अन्न वाढू नका, असे म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे आणि त्याबद्दल तिची रोजी कापली जाता कामा नये. धुराने तिचे डोळे चुरचुरत असतील, उकळत्या डाळीचे पातेले तिला एकटीने उचलावे लागत असेल, तर तो धोका तिच्यापुरता राहत नाही. पातेले निसटले तर रांगेतील मुलेही भाजतात. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची सुधारणा मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच मांडली होती. श्रमिकाचे शरीर ही राष्ट्राची ठेव आहे, हा त्यामागील विचार आपल्या स्वयंपाकघरालाही लागू पडतो.

मैलाटाकी : कोणीही आत उतरायचे नाही

आपल्या समाजाने ज्या कामाची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्याचा प्रश्न शाळेच्या मागील बाजूस, सिमेंटच्या झाकणाखाली आजही असतो. मैलाटाकीत मिथेन व हायड्रोजन सल्फाईड हे वायू साचतात आणि प्राणवायू उणा होतो. हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढताच नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजून माणूस उतरतो आणि क्षणार्धात कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा दुर्घटनांत एकापाठोपाठ एक माणसे दगावतात ती यामुळेच.

२०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार साधनांविना माणसाला मैलाटाकीत उतरविणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासही २ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. परंतु आपल्यासाठी कायद्याच्या आधी धम्म आहे. बौद्ध संस्थेच्या आवारात कोणाही माणसाने मैल्यात उतरू नये, मग तो कितीही गरजू असो आणि स्वखुशीने तयार असो. टाकी उपसण्यासाठी शोषणयंत्राची गाडी जवळच्या नगरपंचायतीकडून वा नगरपरिषदेकडून वेळेआधी मागवावी. नवे बांधकाम असेल तर दोन शोषखड्ड्यांची शौचालये उत्तम : एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा चालू करावा, वर्षभराहून अधिक काळ मिटलेल्या खड्ड्यातील मैल्याचे कोरडे खत होते. शोषखड्डा व विहीर यांत किमान १५ मीटर अंतर राखावे. आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी दूरवर झिरपते, म्हणून अधिक अंतर मिळाल्यास बरे. पाण्याच्या खोल हौदात उतरतानाही हीच सावधगिरी बाळगावी : झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवावे, मोटारीचा वीजप्रवाह तोडावा आणि बाहेर दुसरा माणूस उभा असल्यावाचून कोणी उतरू नये.

निजल्यावर

निवासी शाळेचा अर्धा दिवस रात्रीचा असतो. पावसाळ्यात जमिनीवर निजणाऱ्या मुलास मण्यार चावते तेव्हा पुष्कळदा वेदना होत नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि मूल आळस करते असे वाटते. अशा वेळी आवळपट्टी व मांत्रिक यांत एक मिनिटही घालवू नये. प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठावे. आपल्यासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मोठा आधार आहे. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सिद्ध केला. तेव्हापासून या दंशाने होणारे मृत्यू बरेच घटले. तरीही खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हाच खरा बचाव. रात्री शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा हवा.

उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा धक्का हे मराठवाड्यातील नेहमीचे अरिष्ट. भूजोडणी आणि ३० मिलिअँपिअरला प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसविला तर ते टळते. खरजेच्या बाबतीत एकट्या मुलावर उपचार करणे व्यर्थ आहे. खोलीतील सर्व मुलांना एकाच दिवशी औषध लावून, कपडे व पांघरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घातली तरच ती जाते.

नाव आणि नोंद

वरील उपायांत महागडे फारसे काही नाही. अडचण असते ती ‘कोणीतरी करील’ या समजुतीची. विनयाने जसा क्रम ठरविला, तसा येथेही ठरवावा : क्लोरीन चाचणी कोणाची, अन्न चाखणे कोणाचे, विजेची तपासणी कोणाची आणि तो माणूस रजेवर असता कोणाची. एक वही पुरेशी आहे. तिच्यात रोजच्या दोन सह्या आणि दर महिन्याची एक पाहणी असावी. त्या पाहणीत मुख्याध्यापकांसोबत एक विद्यार्थी, एक पालक, स्वयंपाकघरातील एक ताई आणि एक सफाई कामगार असावेत. कारण धोका प्रथम ज्याच्या हाताला लागतो, त्याला तो प्रथम कळतो.

माजी विद्यार्थ्यांत आज कोणी परिचारिका आहेत, कोणी वीजतंत्री, कोणी अभियंते. देणगी द्यावीच, पण वर्षातून एक दिवस येऊन आपल्या विद्येने शाळेची एक बाजू तपासून देणे हेही दानच आहे. आणि पालकांनो, पट्टा पडल्यावर लेकरांना भेटावयास याल तेव्हा त्यांच्या गुणपत्रिकेबरोबर ही वहीही दाखवा, असे निःसंकोच म्हणा. तो आपला हक्क आहे. ती वही पुढे करताना शाळेला जेव्हा अवघडल्यासारखे न वाटता समाधान वाटेल, तेव्हा तुमचा विश्वास सार्थ झाला असे समजावे.