दे दान, सुटे गिराण!

भाद्रपद पौर्णिमा, 7 सप्टेंबर 2025. वर्षावासानिमित्त मेहकर तालुक्यातील एका विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. माता-भगिनींची नेहमीची गर्दी मात्र नव्हती. चौकशी केली तर कळले, रात्री चंद्रग्रहण आहे आणि दुपारपासूनच वेध पाळले जात आहेत! एका घरी पोटुशी सून माजघरात बसवून ठेवलेली. भाजी चिरायची नाही, सुईदोरा धरायचा नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. आम्ही थक्क झालो.

या ग्रहणाने आपल्या समाजाला काय दिले, हे तरुण पिढीला ठाऊक नसेल. ग्रहण लागले की महार-मांगांनी टोपली घेऊन गावात फिरायचे आणि ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक द्यायची. राहू-केतू म्हणे आपल्याच कुळीचे. आपल्या पदरात जुने फडके, मूठभर धान्य पडले की ते चंद्र-सूर्याला सोडतात! आमच्या आजीने ही हाक दिलेली होती. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर तिने टोपली टाकली ती कायमची.

आणि गंमत पाहा, (गंमत कसली, फसवणूकच!) इ. स. 499 मध्येच आर्यभटाने लिहून ठेवले होते की चंद्र आड आला की सूर्यग्रहण आणि पृथ्वीची सावली पडली की चंद्रग्रहण. नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच तारे पश्चिमेला जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी, हेही त्याचेच म्हणणे. आकाशातील चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी सुमारे 5 अंशांनी कललेला आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. हे दोन मार्ग जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. त्यांना ना तोंड, ना जात!

628 मध्ये ब्रह्मगुप्ताने ग्रंथ लिहिला. सावलीचे गणित त्याला पुरते येत होते. तरीही राहू नाकारणाऱ्या आर्यभटावर तो श्रुति-स्मृतींचा आधार घेऊन तुटून पडला. 1030 च्या सुमारास अल्बेरूनीने या दुटप्पीपणावर नेमके बोट ठेवले. गणित पंडितांच्या घरी राहिले आणि टोपली आमच्या हाती आली.

पाली वाङ्मयातही संयुत्त निकायात चंद्राला गिळणारा राहू येतो, हे लपवण्याचे कारण नाही. पण दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणांची भाकिते सांगून पोट भरणे ही हीन विद्या ठरवली आहे.

आम्ही त्या घरी गेलो. सासूबाई म्हणाल्या, “भाऊ, उद्या लेकराचा ओठ फाटका निघाला तं तुमी भरून देसान काय?” प्रश्न रागाचा नव्हता, धास्तीचा होता. आम्ही सांगितले, 15 जानेवारी 2010 चे सूर्यग्रहण आमच्या मंडळींनी सहाव्या महिन्यात, अंगणात उभे राहून, ग्रहणाच्या चष्म्यातून पाहिले. ती मुलगी आज दहावीत आहे.

रात्री 11 वाजता ढगांतून तांबूस चंद्र दिसला. सासूबाई स्वतः ओट्यावर आल्या. मागोमाग सून उंबऱ्यापर्यंत आली. उंबरा मात्र तिने ओलांडला नाही.