आशा, अपेक्षा आणि उमेद

बालरोगतज्ज्ञाच्या कानी एक प्रश्न नित्य पडतो. मराठी माता विचारते, "डॉक्टरसाहेब, आशा आहे ना?" आमच्या इंदुरात हिंदीभाषक पिता विचारतो, "कुछ उम्मीद है?" प्रश्न एकच, उत्तर देताना मात्र शब्द तोलून घ्यावे लागतात.

फारसीतून आलेल्या एकाच शब्दाने दोन भाषांत निराळे संसार थाटले आहेत. हिंदीतील ‘उम्मीद’ म्हणजे आशाही आणि अपेक्षाही. मराठीतील ‘उमेद’ ही मनाची उभारी. ती धरावी लागते आणि खचतेही. इच्छा अशक्याचीही करता येते. अपेक्षेच्या मुळाशी ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. ती फळाकडे डोळे लावून बसते आणि फळ हुकले की दुखावते. खात्रीला पुरावा हवा असतो. आशेला मात्र अनिश्चितता मान्य असते, आणि तरीही ती हात चालता ठेवते.

याचे उदाहरण आपल्याच शास्त्रात आहे. १९४८ साली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी तीव्र ल्युकेमियाच्या १६ बालकांना अमिनोप्टेरिन दिल्याचे प्रसिद्ध केले. दहा बालकांत सुधारणा दिसली, परंतु ती तात्पुरती होती. हे औषध सिद्ध करणाऱ्या लेडर्ली प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. आज प्रगत देशांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची सुमारे ९० टक्के बालके पाच वर्षांहून अधिक जगतात. हे यश पाहणे सुब्बारावांच्या नशिबी नव्हते. फळ पाहायला मिळेलच असे नसतानाही जी काम करवून घेते, ती आशा.

मग जेथे आजार बरा होणार नाही, तेथे काय सांगावे? "सगळे ठीक होईल" हा दिलासा क्षणभर गोड वाटतो. तो खोटा ठरला म्हणजे आईबापांचा आपल्यावरील भरवसाही जातो. येथे अमरकोश मला वाट दाखवितो. त्यात दिशावाचक शब्दांमध्येही ‘आशा’ आहे. व्याधीमुक्तीची दिशा बंद झाली, तरी वेदनेवाचून झोप, घरचे अंथरूण, आजीच्या मांडीवरचा एखादा प्रहर, या दिशा मोकळ्याच असतात. त्या दाखविणे हेही उपचारच होत.

व्यवसायबंधूंनो, खात्री देणे आपल्या हाती नाही. परंतु सत्य सांगून दिशा दाखविणे निश्चितच आपल्या हाती आहे.